भरून येणारी जखम

मुंबईच्या लोकलच्या दारात उभं राहिलं की रुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती वाचाव्याच लागतात. त्यांत एखादी तरी गुप्तरोगांच्या खात्रीशीर इलाजाची असतेच. जत्रेत, एसटी स्टँडाबाहेर, हायवेच्या कडेला तंबू ठोकून बरण्या मांडून बसलेला जडीबुटीवालाही तेच सांगतो: आठ-पंधरा दिवसांत गुण, नाहीतर पैसे परत. शिकलेला माणूस याला हसतो. पण गरमीच्या बाबतीत ही जाहिरात पूर्ण खोटी नसते. पुडी घेतल्यावर काही दिवसांत जखम खरोखरच भरते. लेप लावला तरी भरते, नवस बोलला तरी भरते. आणि काहीच केलं नाही तरी भरते.

गरमी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत उपदंश किंवा सिफिलिस. हा रोग समजून घ्यायचा तर या आपोआप भरणाऱ्या जखमेपासून सुरुवात करावी लागते. वैद्य, हकीम आणि सर्जन या सगळ्यांना त्यानं शतकानुशतकं चकवलं ते तिच्याच जोरावर.

रोगाचा जंतू ट्रेपोनेमा पॅलिडम. स्प्रिंगसारखा पीळदार, आणि इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सहसा दिसतच नाही. बाधित माणसाच्या जखमेशी शरीरसंबंधात स्पर्श झाला की नाजूक त्वचेतून तो आत शिरतो. दहा ते नव्वद दिवसांत, बहुधा तीन आठवड्यांच्या सुमारास, तो जिथून शिरला तिथे एक व्रण उमटतो. कडा कडक, तळ स्वच्छ आणि वेदना जवळपास नाहीच. जांघेत गाठी येतात, त्याही दुखत नाहीत. पुरुषाला हा व्रण निदान दिसतो तरी. तोच योनीच्या आत, गर्भाशयाच्या मुखावर, गुदद्वारात किंवा घशात आला तर कुणाच्याच लक्षात येत नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो भरून येतो आणि माणूस ती गोष्ट मनातून काढून टाकतो.

तोवर जंतू रक्तातून अंगभर पोचलेला असतो. काही आठवड्यांनी तांबूस पुरळ उठतं. ते सहसा खाजत नाही, आणि तळहात-तळपायांवरही उठतं, ही त्याची मोठी खूण. सोबत कणकण, घशात चट्टे. कधी केस ठिकठिकाणी गळून डोकं कसर लागलेल्या लोकरीसारखं दिसू लागतं. घरचे म्हणतात, उष्णता झाली असेल. औषधाच्या दुकानात ॲलर्जीची गोळी मिळते. हे पुरळही आपोआप जातं, आणि गोळीला गुण येतो!

यानंतर रोग दडून बसतो. महिने जातात, वर्षं जातात. रक्त तपासल्याशिवाय शरीरावर कुठेच पत्ता लागत नाही. उपचार न झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला दहा, वीस, तीस वर्षांनी त्याचं बिल येतं. हृदयातून निघणारी मुख्य रोहिणी फुगते, हाडांत-त्वचेत गाठी होतात, मेंदू आणि मज्जारज्जू झिजतात, चालताना पाय कुठे पडतोय ते कळेनासं होतं. मेंदू, डोळे आणि कान यांना तर जंतू कोणत्याही टप्प्यावर गाठू शकतो.

फिरंग्यांचा रोग

सुश्रुतानं उपदंश नावाचा विकार वर्णिला आहे, पण सोळाव्या शतकातल्या वैद्य भावमिश्राला समोर दिसलेला रोग त्यात बसेना. त्यानं ‘भावप्रकाश’ या ग्रंथात त्याला नवं नाव दिलं, फिरंग रोग. फिरंग देशातून आलेला, फिरंग्यांच्या संसर्गानं होणारा. बाह्य, आभ्यंतर आणि दोन्हीकडे पसरलेला, असे त्याचे तीन प्रकारही सांगितले. युरोपात या रोगाची पहिली मोठी साथ १४९५च्या सुमारास, फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स नेपल्सवर चालून गेला तेव्हा उसळली होती. इटालियन लोक त्याला फ्रेंच रोग म्हणत, फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणत. आपल्याकडे तो पोर्तुगिजांच्या नावावर जमा झाला. रोगाला शेजाऱ्याचं नाव द्यायची ही रीत सगळीकडे एकच.

औषधं दोन गाजली. एक चोपचिनी, चीनकडून येणारी मुळी. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्यानं १५६३मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधीग्रंथात तिच्यावर एक संवादच लिहिला आहे. दुसरं औषध पारा. भावमिश्रानं पाऱ्यापासूनचा रसकर्पूर सांगितला, तोही गव्हाच्या कणकेत गुंडाळून, दाताला न लागू देता गिळायचा. या काळजीचं कारण साधं आहे: पाऱ्यानं तोंड येतं, लाळ गळते, हिरड्या सुजतात, दात हलतात. युरोपात तर लाळ जितकी जास्त गळेल तितका रोग बाहेर पडतो, असं समजून माणसांना पारा चोपडून कोंडत असत.

आणि या सगळ्यांचे रुग्ण ‘बरे’ होत होते. व्रण भरत होता, पुरळ जात होतं.

हा गुंता किती खोल होता ते नॉर्वेत कळलं. आज ओस्लो म्हणतात त्या शहरात डॉ. सीझर बोक यांचं मत झालं होतं की पारा भल्यापेक्षा बुरंच जास्त करतो. म्हणून १८९१ ते १९१० या काळात त्यांनी सुमारे दोन हजार रुग्णांना पारा दिलाच नाही. लक्षणं जाईपर्यंत रुग्णालयात ठेवलं आणि मग घरी पाठवलं. पुढे इतर डॉक्टरांनी या रुग्णांचा अनेक वर्षं माग काढला. त्यांच्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांनाच रोगाचे उशिराचे परिणाम भोगावे लागले होते. बाकीच्यांचं आयुष्य औषधाविनाच निभावून गेलं होतं. याचा अर्थ लक्षात घ्या. उद्या कुणी साखरेच्या पुड्या विकायला बसला, तरी शंभरातले साठ-पासष्ट जण त्याचं नाव काढतील. उरलेल्यांना त्रास होईल तो वीस वर्षांनी. तेव्हा त्या पुडीची आठवण कुणाला असणार?

डोळ्यांवर विसंबलेला कायदा

चकलेल्यांत इंग्रज सरकारही होतं. छावण्यांतले गोरे शिपाई या रोगांनी आजारी पडत, म्हणून १८६८मध्ये संसर्गजन्य रोगांचा कायदा आला. वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनी नाव नोंदवायचं, ठरल्या दिवशी तपासणीला यायचं, आणि रोगी ठरल्यास ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबून घ्यायचं. पुणे-खडकीसारख्या छावण्यांतही अशी रुग्णालयं होती. कायद्याची सक्ती स्त्रियांवर. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांना ती लागू नव्हती.

अन्यायाचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी वैद्यकाच्या दृष्टीनंही हा कायदा पोकळ होता. तपासणी म्हणजे डोळ्यांनी पाहणं. ज्या बाईचा व्रण भरून रोग रक्तात दडला आहे ती ‘निरोगी’ ठरून बाहेर पडणार, आणि जिला साध्या कारणानं अंगावरून पांढरं जातंय ती आत अडकणार. १८८८मध्ये कायदा रद्द झाला. रोग आपल्या जागी होताच.

बैलाच्या हृदयाची गोष्ट

डोळ्यांपलीकडची वाट सापडली ती विसाव्या शतकात. १९०५मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन यांनी व्रणातल्या द्रवात तो पीळदार जंतू पाहिला. पुढच्याच वर्षी ऑगस्ट फॉन वासरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताची चाचणी शोधली. तिच्यासाठी त्यांनी उपदंशानं दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला होता. त्यात जंतू भरपूर, म्हणून रुग्णाचं रक्त त्याला ओळखतं, असा हिशेब. नंतर लक्षात आलं की निरोगी बैलाच्या हृदयाचा अर्क वापरला तरी चाचणी चालते! रक्त जंतूला ओळखतच नव्हतं. जंतू पेशींची मोडतोड करतो तेव्हा शरीर कार्डिओलिपिन नावाच्या एका स्निग्ध पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि चाचणी त्यांनाच पकडत होती.

आज गरोदर बाईच्या किंवा गुप्तरोगाच्या रुग्णाच्या रिपोर्टवर ‘व्हीडीआरएल’ अशी जी ओळ असते, ती चाचणी याच वंशातली. १९४६मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत ती तयार झाली आणि त्या प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांचं नाव तिला चिकटलं. तिचा उगम माहीत असला की तिचे गुणदोषही समजतात. ती स्वस्त आहे, थोड्या वेळात होते. पण मलेरिया, कुष्ठरोग, संधिवाताचे काही प्रकार, कधी नुसतं गरोदरपण, यांतही ती ‘रिॲक्टिव्ह’ येऊ शकते. म्हणून एकट्या व्हीडीआरएलवरून कुणाच्या कपाळी गरमीचा शिक्का मारू नये. खात्रीसाठी टीपीएचए नावाची दुसरी चाचणी करतात. ती थेट जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. उलट, व्रण नुकताच उठला असेल तर दोन्ही चाचण्या कोऱ्या येऊ शकतात आणि काही आठवड्यांनी रक्त पुन्हा द्यावं लागतं.

दोन्हींची कामं वेगळी आहेत, आणि इथेच रुग्ण सर्वांत जास्त घाबरतात. टीपीएचए एकदा सकारात्मक आली की बहुधा जन्मभर तशीच राहते, रोग पूर्ण बरा झाला तरी. देवीचे वण राहावेत तसं ते आहे. रोग हटतोय का, हे सांगते ती व्हीडीआरएलसोबतची संख्या. १:३२ म्हणजे रक्तद्रव बत्तीसपट पातळ केला तरी चाचणी उमटते. उपचारानंतर ती १:८ किंवा त्याखाली उतरली, म्हणजे निदान चौपट घटली, तर औषध लागू पडलं. उतरलेली संख्या पुन्हा चौपट चढली, तर नव्यानं लागण झाल्याची शंका घ्यायची. एकदा गरमी होऊन गेल्यानं दुसऱ्यांदा ती होण्यापासून संरक्षण मिळत नाही.

दोन नितंबांतली दोन इंजेक्शनं

औषधाचा इतिहासही फार जुना नाही. पॉल एर्लिश आणि साहाचिरो हाता यांनी १९०९मध्ये आर्सेनिकचं ६०६ क्रमांकाचं संयुग जंतूवर चालतं हे दाखवलं. ते ‘साल्वरसान’ या नावानं बाजारात आलं. पाऱ्यापेक्षा बरं, पण तेही विषच. खरी कलाटणी १९४३ची. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर डॉ. जॉन महोनी यांनी चार रुग्णांना पेनिसिलीन दिलं आणि चौघांचे व्रण भरले. व्रण तर एरवीही भरले असते. यावेळी चाचण्याही निवळल्या, हे महत्त्वाचं. पुढे दहा-बारा वर्षांत, १९५५मध्ये, पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलीन बनू लागलं.

हा जंतू फार सावकाश वाढतो. आतड्यातले जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. याला तीसेक तास लागतात. पेनिसिलीन जंतूला मारतं ते तो वाढत असताना. म्हणून इथे तासाभराच्या माऱ्याचा उपयोग नाही, रक्तात औषध बरेच दिवस टिकायला हवं. बेंझाथिन पेनिसिलीन स्नायूत साठून हळूहळू झिरपतं ते याचसाठी. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा २४ लाख युनिटांचा एकच डोस पुरतो. बहुतेक ठिकाणी निम्मा निम्मा करून दोन नितंबांत देतात. रोग जुना असेल किंवा कधीचा ते ठाऊक नसेल, तर आठवड्याला एक असे तीन डोस. मेंदूपर्यंत पोचला असेल तर रुग्णालयात दाखल होऊन शिरेतून पेनिसिलीन घ्यावं लागतं. इंजेक्शनच्या दिवशी रात्री थंडी वाजून ताप येऊ शकतो. तो मेलेल्या जंतूंमुळे असतो, चोवीस तासांत उतरतो, त्याला ॲलर्जी समजू नये. खरी ॲलर्जी असणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. गरोदर बाईला मात्र पेनिसिलीनच द्यावं लागतं, आणि ॲलर्जी असेल तर आधी रुग्णालयात शरीराला त्याची हळूहळू सवय करावी लागते.

आणखी एक नवल. परम्याच्या, म्हणजे गोनोरियाच्या, जंतूनं सल्फाला दाद देणं बंद केलं, मग पेनिसिलीनला, मग टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनला. आता बहुतेक भिस्त सेफ्ट्रिॲक्सोनच्या इंजेक्शनवर आहे. गरमीचा जंतू मात्र ऐंशी वर्षांनंतरही पेनिसिलीनपुढे हतबल आहे. औषध इतकं स्वस्त की ते बनवण्यात कंपन्यांना रस उरला नाही, आणि गेल्या काही वर्षांत अनेक देशांना त्याचा तुटवडा सोसावा लागला.

खात्रीचं औषध आहे, स्वस्त चाचणी आहे. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२मध्ये १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८० लाख लोकांना ही लागण नव्यानं झाली. कारण, चाचणी त्याचीच होते जो दवाखान्यात येतो. आणि जखम भरली, तर माणूस येईल कशाला?

तक्रार नसलेल्यांचं दुखणं

सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे उपचार मोफत मिळतात आणि गोपनीयता पाळली जाते. माहितीसाठी १०९७ हा टोल-फ्री क्रमांक आहे. प्रयोगशाळेची सोय नसेल तिथे लक्षणांवरून उपचार देता यावेत म्हणून रंगांचे किट आखले आहेत: लघवीच्या जागेतून पू येत असेल तर करडा, न दुखणाऱ्या व्रणाला पांढरा, नागिणीच्या जातीच्या दुखऱ्या फोडांना लाल, ओटीपोटातल्या दुखण्याला पिवळा, जांघेत बद आली असेल तर काळा. खेड्यातल्या आरोग्यकेंद्रासाठी ही मोठी सोय आहे. पण किट मिळतं ते तक्रार सांगणाऱ्याला.

तक्रार न सांगणारे किती असतात? १९८९मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्यांतले निम्मे आजार जंतुसंसर्गाचे. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात जेमतेम आठ होत्या. हे सगळे संसर्ग काही संबंधांतून आलेले नव्हते. पण ज्या गावात पांढरं जाणं हा बाईच्या जन्माचाच भाग मानतात, तिथे न दुखणारा व्रण घेऊन कोण येणार?

र. धों. कर्वे यांनी ही गाठ फार आधी ओळखली होती. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, पण या विषयावर मोकळेपणानं लिहिणं सोडलं नाही.

बचावाचे उपाय लांबलचक नाहीत. निरोध दरवेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरला तर धोका बराच कमी होतो. पूर्ण जात नाही, कारण व्रण निरोधानं न झाकलेल्या जागीही असू शकतो. संडासच्या भांड्यावरून, टॉवेलवरून, एका ताटात जेवून गरमी होत नाही. नवा व्रण कुठलाही असो, दुखो न दुखो, त्यावर मलम चोळण्याआधी रक्त तपासून घ्यावं, आणि त्याच वेळी एचआयव्हीचीही चाचणी करावी, कारण व्रणातून त्या विषाणूला सहज वाट मिळते. गरमीवर लस नाही. पण कावीळ ब आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा एचपीव्ही, या संबंधांतून पसरणाऱ्या दोन विषाणूंवर आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची एचपीव्ही लस २०२३पासून उपलब्ध आहे.

आणि लॉक हॉस्पिटलांच्या कायद्यानं सोडून दिलेला माणूस: जोडीदार. बचाव दोघांचा व्हायला हवा. सांगलीत १९९२पासून ‘संग्राम’ संस्थेच्या कामात वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनीच निरोध वाटपाचं काम अंगावर घेतलं आणि पुढे स्वतःची संघटना उभारली. ज्यांना सरकारनं रोगाचं उगमस्थान ठरवून कोंडलं होतं, त्याच बचावाच्या कामात सर्वांत पुढे उभ्या राहिल्या. बचाव दोघांचा असतो, ही जाण संसारी घरांत यायला अजून वेळ आहे.

या जाणिवेची कसोटी गरोदरपणात लागते. उपचार न झालेल्या आईकडून जंतू वारेतून बाळापर्यंत जातो. मग गर्भपात, मृत बाळ, किंवा जगलंच तर हाडं, डोळे, कान बिघडलेलं बाळ. पहिल्या तीन महिन्यांत रक्त तपासून आईला पेनिसिलीन दिलं तर त्याच इंजेक्शनात बाळावरही उपचार होतो. हे काटेकोरपणे करून २०१५मध्ये क्यूबानं आईकडून बाळाला होणारा उपदंश आणि एचआयव्ही या दोन्हींचं उच्चाटन केल्याची मान्यता मिळवली. उलट अमेरिकेत २०२२मध्ये ३,७००हून अधिक बाळांच्या जन्मजात उपदंशाची नोंद झाली. औषध दोन्ही देशांत तेच होतं.

आपल्याकडे ही तपासणी गरोदरपणाच्या नावनोंदणीच्या दिवशी होते. बोटाला सुई टोचतात, पट्टीवर रेघ उमटते. सिस्टर बाईंना आत बोलावते, दार लोटते आणि इंजेक्शनची तयारी करता करता विचारते, ‘यजमान आलेत का सोबत?’ ते बाहेर बाकावर बसलेले असतात. त्यांना काहीच होत नसतं. दोन वर्षांपूर्वी एक फोड आला होता, तो तेव्हाच भरला.